आजोबांनी न खाल्लेला तुकडा

१

आक्काची किंकाळी ऐकली आणि पोपटघराबाहेर रांगेत उभी असलेली सगळी माणसं एकदम गप्प झाली.

पोपटघर दुपारीच उघडायचं. सकाळी साफसफाई, मग जेवणाची सुट्टी, मग पाहुण्यांना प्रवेश, असा त्या प्राणिउद्यानाचा शिरस्ता होता. पक्ष्यांची देखभाल करणारी आक्का रोजच्यासारखी सफरचंदाच्या फोडींची बादली घेऊन आत गेली, आणि दुसऱ्याच क्षणी ती बादली फरशीवर आपटली. फोडी घरंगळत पार दारापर्यंत आल्या. रांगेत सर्वांत पुढे एक बाई होत्या. त्यांनी काचेतून आत पाहिलं.

मधल्या मोठ्या पिंजऱ्यात, दांडीच्या खाली, आजोबा पालथे पडले होते.

आजोबा म्हणजे पोपट. पण साधासुधा नव्हे बरं का! लाल-निळा, लांबलचक शेपटीचा, लोकांना नावं ठेवणारा आणि शीळ घालून पुन्हा जवळ बोलावणारा मकाव. उद्यानाच्या तिकिटावर त्यांचंच चित्र होतं. लहान मुलं वाघावर एक नजर टाकायची आणि आजोबांपाशी तासभर रेंगाळायची. अंड्यातून बाहेर आल्यापासून आक्कानं त्यांना तळहातावर वाढवलं होतं, आणि तरीही ती त्यांना अहो-जाहोच करायची.

"उठा ना," आक्का त्यांना मांडीवर घेऊन म्हणत होती. "अहो, उठा ना. असं काय करता?"

तेवढ्यात उद्यानाचे व्यवस्थापक धावत आले. गर्दी बाजूला सारून ते पिंजऱ्यात शिरले, खाली वाकले आणि आजोबांच्या खाण्याच्या भांड्यातून त्यांनी चिमटीत धरून काहीतरी वर काढलं. पॅनकेकचा तुकडा होता. वर पिठीसाखर भुरभुरवलेली.

"हे कुणी टाकलं इथे?" ते ओरडले. "विष घातलंय कुणीतरी! आक्का, सकाळी कोण आलं होतं?"

आक्कानं डोळे पुसले. "मागच्या जाळीपाशी एक गृहस्थ उभे होते. मी हटकलं तर निघून गेले. टक्कल होतं आणि अंगात पिवळा सदरा."

रांगेतल्या सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. पिवळा सदरा घातलेला टकला गृहस्थ रांगेत एकच होता, आणि तो त्या पुढच्या बाईंचा नवरा होता.

२

नवरा होता दातांचा डॉक्टर, त्यातही लहान मुलांच्या दातांचा. दिवसभर पोराटोरांना "गोड खाऊ नका" असं बजावणारा हा माणूस स्वतः गोडाचा असा काही भोक्ता होता, की विचारू नका. आणि नशीब बघा, त्यालाच मधुमेह! डॉक्टरांच्या तोंडावर पहारा ठेवायचं काम मग बाईंकडे आलं होतं, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाई विमा कंपनीत होत्या. कुठे आग लागली की जळक्या ढिगाऱ्यात उभं राहून ती कशी लागली, का लागली, कोण खरं बोलतंय आणि कोण थापा मारतंय हे शोधून काढायचं, ही त्यांची नोकरी. डॉक्टर लाडानं त्यांना 'तपासनीसबाई' म्हणायचे. वैतागले की मात्र हात जोडून म्हणायचे.

कितीतरी वर्षांनी दोघं दोन दिवसांसाठी या शहरात आली होती. बाईंना प्राणी बघायचे होते. डॉक्टरांनी इथल्या खाण्याची कीर्ती ऐकली होती, आणि "नुसता वास घेईन गं" अशी शपथ घेऊन ते निघाले होते. सकाळी उद्यानात पाऊल टाकताच त्यांचा गुडघा दुखायला लागला. "तू जा पाणमांजरं बघायला, मी इथे बाकावर बसतो," असं ते म्हणाले. बाई परत आल्या तेव्हा बाक रिकामा! मग काय विचारता? बाई तडक उपाहारगृहात गेल्या, आतून आचाऱ्याला काउंटरवर बोलावून घेतलं आणि उलटतपासणी सुरू केली. टक्कल असलेले कुणी आले होते का? काय घेतलं? त्यात साखर होती का? आचारी निघायला लागला की "थांबा, माझं संपलेलं नाही" म्हणून त्याला परत उभं करायचं. तरी तो पठ्ठ्या आपला एकच घोषा लावून होता, "साहेबांनी फक्त बिनसाखरेचा चहा घेतला, मॅडम." शेवटी डॉक्टर शौचालयाच्या बाजूनं मिशी पुसत आले आणि प्रकरण तिथेच मिटलं.

मिटलं असं तेव्हा वाटलं होतं. आता दोघं व्यवस्थापकांच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"पोलिसांना फोन केलाय," व्यवस्थापक म्हणाले. "संध्याकाळपर्यंत येतील. वर्तमानपत्रवाल्यांचे फोन तर आत्ताच सुरू झालेत. ह्या गावातली पोरं आजोबांना बघत मोठी झालीत, कळतंय का तुम्हाला?"

बाईंना चांगलंच कळत होतं. उद्या डॉक्टरांचा फोटो छापून येणार. मग पक्ष्याला विष घालणाऱ्या माणसाच्या खुर्चीत कोणती आई आपल्या लेकराला बसवेल? आयुष्यभर पोरांना हसवत त्यांचे दात काढलेल्या माणसाला उरलेलं आयुष्य मान खाली घालून काढावं लागलं असतं.

"अहो, मी तिकडे गेलोच नव्हतो," डॉक्टर म्हणाले. "त्या बाईंचा काहीतरी घोटाळा होतोय. मी शौचालयात होतो."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या पिवळ्या सदऱ्याच्या कॉलरखाली पिठीसाखरेचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसत होता. नवरा खोटं बोलत होता.

३

"अहो, खरं सांगा," बाहेरच्या व्हरांड्यात आल्या आल्या बाईंनी त्यांना कोपऱ्यात घेतलं. "मी तुमची बायको म्हणून विचारतेय. नोकरी गेली चुलीत."

डॉक्टरांचा चेहरा पडला. "खाल्ला गं एक. पॅनकेक. तू बघशील म्हणून पोपटघराच्या मागे जाऊन खाल्ला. चहाचं सांग असं आचाऱ्याला मीच पढवलं होतं. खाताना बघतो तर जाळीतून आजोबा माझ्याकडे टक लावून बघतायत. मला वाटलं, बिचाऱ्यांना कोण देणार असलं? म्हणून एक तुकडा त्यांच्या भांड्यात टाकला." ते मटकन कट्ट्यावर बसले. "मी मारलं का गं त्यांना? त्या तुकड्यानं?"

"तुम्ही खाल्लात तो पॅनकेक. तुम्ही जिवंत आहात ना?"

"हो."

"मग गप्प बसा जरा. मला विचार करू द्या."

त्या तडक पोपटघरात गेल्या. आक्का अजून तिथेच बसली होती. आजोबांना तिनं आपल्या ओढणीत गुंडाळलं होतं. बाई तिच्या शेजारी फरशीवर बसल्या. ही त्या गृहस्थाचीच बायको आहे, हे आक्काला ठाऊक होतं, तरी ती बाजूला सरकली नाही. तिला कशाचं भानच नव्हतं.

"आक्का, एक विचारू? आजोबा कुणाच्याही हातचं खायचे का हो?"

"छे!" आक्काला एवढ्या दुःखातही राग आला. "माझ्या हाताशिवाय दाणा तोंडात घ्यायचे नाहीत. मी मागे आजारी पडले होते, तर उपाशी बसले होते. माझा मुलगा दाणे घेऊन आला, त्याच्याकडे पाठ केली त्यांनी."

बाईंनी भांड्याजवळ ठेवलेला तुकडा निरखून पाहिला. कडा जशाच्या तशा होत्या, चोचीचा एक ओरखडा नाही, व्यवस्थापकांच्या चिमटीची खूण सोडली तर साखरसुद्धा विस्कटलेली नाही. जो तुकडा पोटात गेलाच नाही तो जीव कसा घेईल? त्यांना जरा हायसं वाटलं. पण व्यवस्थापकांना हे पुरणार नाही, हेही त्यांना दिसत होतं. ते म्हणणार, साखर चाटली असेल. नाही चाटली, हे कसं सिद्ध करणार?

तेवढ्यात पोपटघराच्या मागच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. उद्यानाचे पशुवैद्य बाहेर आले. तरुण माणूस, पण आत्ता चेहरा पांढराफटक पडला होता.

"व्यवस्थापकांना बोलवा," ते म्हणाले. "आतले सगळे गेलेत. एकही वाचला नाही."

४

मागच्या खोलीत नवीन आणलेले लहान पोपट वेगळे ठेवले होते. हिरवे, पिवळे, मुठीत मावतील एवढाले. पिंजऱ्यांच्या तळाशी ते पडलेले पाहून डॉक्टर तोंडावर हात ठेवून बाहेर निघून गेले. बाईंचेही डोळे भरून आले, पण त्यांनी निग्रहानं बघणं सोडलं नाही.

"ह्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?" त्यांनी विचारलं.

"फक्त माझ्याकडे," पशुवैद्य म्हणाले. "नव्या पक्ष्यांचा आजार बाकीच्यांना लागू नये म्हणून आक्कालाही इथे मनाई आहे. सकाळी मीच त्यांना दाणापाणी देऊन कुलूप लावलं. तेव्हा चांगले टुणटुणीत होते."

व्यवस्थापकांनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की त्या पोराला घामच फुटला. "म्हणजे तुम्ही? परवा 'आजोबा म्हातारे झाले, त्यांना दुसरीकडे हलवा' म्हणून भांडत होतात ते ह्यासाठी?"

"साहेब, काय बोलताय!"

"थांबा," बाई म्हणाल्या. आवाज फारसा चढवला नव्हता, पण दोघंही गप्प झाले. "आधी एवढं कबूल करा, की माझ्या नवऱ्याला ह्या खोलीत शिरता आलं नसतं. बरोबर? म्हणजे पॅनकेकचा संबंध संपला. आता सांगा, ह्यांचं खाणं आणि आजोबांचं खाणं एकच का?"

"नाही. हे बारीक दाणे खातात, आजोबांना फळं."

"पाणी?"

"ह्यांना मी बाटलीतलं देतो. आजोबांना नळाचं."

"आणि आजोबांना जी फळं मिळतात, ती आणखी कुणाला?"

उत्तर आक्कानं दिलं. ती कधी येऊन दारात उभी राहिली होती कुणाला कळलंच नव्हतं. "बाहेरच्या जाळीतल्या सगळ्यांना. एकाच टोपलीतून. ते मजेत आहेत."

"म्हणजे खाणं नव्हे आणि पाणीही नव्हे," बाई म्हणाल्या. "बाहेरचे जगले, आतले गेले. आतल्यांना सगळ्यांना मिळून काय मिळत होतं?"

बाईंनी मान वर करून पाहिलं. छताजवळ भिंतीला एक जाळीदार झरोका होता, आणि त्यात छोटा पंखा फिरत होता. बाहेरची हवा आत ओढणारा. असलाच दुसरा पंखा आजोबांच्या पिंजऱ्याच्या वरही होता.

त्या जवळजवळ पळतच बाहेर आल्या आणि पोपटघराच्या मागे गेल्या. तिथे एक माणूस जेमतेम जाईल एवढी बोळ होती. बोळीच्या एका अंगाला आजोबांच्या पिंजऱ्याची मागची जाळी आणि वर ते दोन झरोके. दुसऱ्या अंगाला, अगदी समोर, उपाहारगृहाच्या स्वयंपाकघराची भिंत. आणि त्या भिंतीत धूर बाहेर फेकणारा मोठा पंखा!

बाईंना एक जुनं प्रकरण आठवलं. एका घरात स्वयंपाकघर थोडं काळवंडलं होतं, नुकसान असं काहीच नव्हतं, माणसं धडधाकट होती. पण पलीकडच्या खोलीतले पाळलेले पक्षी मात्र जागच्या जागी मेले होते. तेव्हा कुणालाच उलगडा होत नव्हता. शेवटी प्रयोगशाळेनं कारण सांगितलं होतं, आणि बाई ते विसरल्या नव्हत्या.

"चला माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. "सगळे चला."

५

स्वयंपाकघरात भट्टीसारखी उष्णता होती, आणि आचारी मात्र स्वेटर घालून, वर शाल लपेटून पिंपाला टेकून बसला होता. दात वाजत होते, मधूनच खोकत होता.

"काय होतंय तुम्हाला?" पशुवैद्यांनी विचारलं.

"जेवणाच्या वेळेपासून हुडहुडी भरलीय. छातीत आवळल्यासारखं वाटतंय."

बाईंनी इकडे तिकडे न बघता सरळ कचऱ्याचा डबा उघडला. वरची सालं बाजूला केली आणि आतून एक पॅन बाहेर काढला. चांगला नवाकोरा नॉनस्टिक पॅन, पण मधोमध त्याचा काळा थर करपून राखाडी झाला होता, फुगून पापुद्रे सुटले होते.

"हा बघा खुनी," त्या म्हणाल्या. "रिकामा पॅन मोठ्या आचेवर राहिला की ह्याच्या थराचा धूर होतो. माणसाला त्या धुरानं ताप भरतो, थंडी वाजते, छाती आवळते, आणि तो बरा होतो. पक्ष्याचं फुप्फुस नाजूक, त्याला ते सोसत नाही. धूर झाला, ह्यांनी घाबरून पंखा लावला, पंख्यानं तो बोळीत फेकला आणि समोरच्या झरोक्यांनी आत ओढून घेतला. विष कुणी घातलंच नाही. ते हवेतून आलं."

व्यवस्थापक खुर्ची शोधत मागे सरले. डॉक्टरांनी मात्र दोन्ही हातांनी तोंड झाकून एक मोठा उसासा सोडला, आणि बाईंना त्या क्षणी, खरं सांगायचं तर, आनंद झाला. नवरा सुटला होता. आता एकच प्रश्न उरला होता, आणि तो त्यांनी नेहमीच्या करड्या आवाजात विचारला.

"चूल एवढी पेटती ठेवून तुम्ही गेला होतात कुठे?"

आचाऱ्यानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"कुठे म्हणजे? मॅडम, तुमच्याशीच तर बोलत होतो की काउंटरवर."

६



"साहेबांनी दुसरा पॅनकेक सांगितला होता," आचारी सांगू लागला. "त्यासाठी पॅन तापत ठेवला, आणि तुम्ही हाक मारली. मी दोनदा निघालो. तुम्ही म्हणालात, थांबा, माझं संपलेलं नाही. आत आलो तर धूरच धूर. नवा पॅन जाळला म्हणून बोलणी बसतील, ह्या भीतीनं डब्यात टाकला. पक्ष्यांचं मला कसं कळणार?"

बाईंनी पॅन खाली ठेवला. मघापासून त्या दुसऱ्यांचं खोटं पकडत फिरत होत्या. आणि सकाळी त्या काउंटरवर साखरेचा हिशेब मागत होत्या तेव्हा, भिंतीपलीकडे आजोबांचा जीव जात होता!

"उद्यापासून येऊ नकोस तू," व्यवस्थापक आचाऱ्यावर कडाडले. मग डॉक्टरांकडे वळून हात जोडले. "माफ करा. तुम्ही मोकळे आहात. पोलिसांना मी कळवतो."

"त्याला काढू नका," बाई म्हणाल्या. "पॅन लपवला ही त्याची चूक. पण तो चुलीकडे जात होता आणि मी त्याला जाऊ दिलं नाही. पोलिसांना सांगणार असाल तर हे सांगा. माझं नाव सांगा."

"हिचं एकटीचं नको," डॉक्टर पुढे आले. "मी लपूनछपून खाल्लं नसतं तर हिला विचारायला यावंच लागलं नसतं. तो दुसरा पॅनकेक माझा होता. मी कुठला मोकळा?"

आक्का हळूहळू चालत बाईंच्या समोर येऊन उभी राहिली. बाईंनी मनाची तयारी केली. थोबाडीत मारली असती तरी त्यांनी गाल पुढे केला असता.

"तुम्हाला ह्यातलं कळतं," आक्का म्हणाली. "मला एवढंच सांगा. त्यांना त्रास झाला का?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! डॉक्टर डोळ्यांनी विनवत होते, नाही म्हण. पण आज एवढी खोटी ऐकून झाल्यावर आणखी एक बोलायला बाईंची जीभ रेटेना.

"झाला असेल," त्या म्हणाल्या. "श्वास कोंडला असेल थोडा वेळ. फार वेळ नाही."

आक्कानं मान हलवली. "मी तेव्हा मोरांना दाणे टाकत होते. उद्यानाच्या त्या टोकाला. त्यांनी हाक मारली असणार मला. मारल्याशिवाय राहिले नसणार."

ते ऐकलं मात्र, आणि डॉक्टर दारातल्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडायला लागले. बाईंना रडूही येईना. त्यांनी आक्काचा हात धरायला हात पुढे केला. आक्कानं तो झिडकारला नाही, पण धरलाही नाही.

"खरं बोललात म्हणून मी काही म्हणत नाही तुम्हाला," ती म्हणाली. "ह्याची नोकरीही राहू दे. त्याच्याही घरी माणसं आहेत. पण तुम्ही दोघं पुन्हा माझ्या समोर येऊ नका."

एवढं बोलून ती आजोबांकडे परत गेली. बाईंनी डॉक्टरांना हाताला धरून उठवलं, आणि दोघं फाटकाच्या दिशेनं चालू लागली.